वहीतलं वहीत

सखूबाईने पुस्तक टेबलावर ठेवलं नाही, आपटलं. खडूचा डबा कलंडला आणि दोन खडू घरंगळत खाली गेले.

"वाच."

कीर्तीच्या हातातलं डस्टर फळ्यावरच थांबलं. तीन वाजून दहा मिनिटं झाली होती आणि वर्गातल्या अकराच्या अकरा प्लास्टिकच्या खुर्च्या रिकाम्या होत्या.

"बाकीच्या कुठे आहेत?"

"नाय यायच्या त्या. पयलं वाच."

गुळगुळीत वेष्टन. त्यावर टाय बांधलेला, हात जोडलेला प्रणित. 'शंभर जोड्या : इंग्रजी क्रियापदांची सोपी वाट'. कीर्तीला वाटलं आपल्याला आनंद व्हायला हवा. पोरगा तिचाच होता, तिच्या पहिल्या बॅचचा. पण सखूबाईने त्रेचाळिसाव्या पानात अंगठा घालून ठेवला होता, हळदीने कायमचं पिवळं झालेल्या नखाचा. कीर्तीने तेच पान उघडलं.

'रॉब आणि स्टील,' पानाच्या डोक्यावर ठळक अक्षरात होतं. खाली लिहिलं होतं, 'दोन्हींचा अर्थ एकच वाटतो. पण रॉब करतात माणसाला, स्टील करतात वस्तू. चोरी झाली की आधी ठरवा, काय गेलं ते सांगायचंय की कुणाचं गेलं ते.' हे कीर्तीचं होतं. शब्दन् शब्द. बारा वर्षं ती हे याच फळ्यापुढे उभी राहून सांगत आली होती. त्याखाली उदाहरण :

'माय ब्रदर रॉब्ड मी. ही स्टोल नथिंग.'

आणि कंसात, बारीक टायपात : विचुंब्यातल्या एका ज्येष्ठ धवळारणीचं वाक्य.

"विचुंब्यात धवळारनी किती?" सखूबाईने विचारलं. "मोज."

कीर्तीने डस्टर खाली ठेवलं.

"मी मोजते. दोन. मी आनी गुना. त्यातल्या गुनाला भाऊ नाय."

आगरी लग्नात भटजी नंतर येतो, धवळारीण आधी. तिने धवळे, म्हणजे लग्नाची पारंपरिक गाणी, म्हटल्याशिवाय मांडव मांडव होत नाही आणि नवऱ्याला हळद लागत नाही. सखूबाई चाळीस वर्षं धवळे म्हणत होती. तिचा भाऊ बळीराम, म्हणजे आता बळीरामशेट, त्याच्या नातवाचं, हृतिकचं लग्न आठवड्यावर आलं होतं. मांडव शुक्रवारी होता.

"काल जीवन आलता. माजा भाचा. चपला बी काढल्या नाय. दारातूनच बोलला, आत्या, तू येऊ नको. धवळ्यांना गुनाबाईला सांगतलंय." सखूबाईने पदराने तोंड पुसलं, तोंडावर काही नव्हतं. "त्या प्रणितनं पुस्तकाच्या कार्यक्रमाला पाहुना कोन बोलावला म्हाईत हाय? माजा भाऊ. शाल दिली, नारळ दिला, पुस्तक दिलं. घरी नेलं तं पूर्वीनं वाचलं, जीवनच्या पोरीनं. इंग्लिश शाळेतली ती. सगल्या घराला मराठीत करून सांगतलं."

"सखूबाई, मला खरंच माहीत नव्हतं."

"तू काय बोललीवतीस?"

कीर्तीने मान खाली घातली.

"बोल ना. मास्तरीन हाईस. काय बोललीवतीस?"

"वहीतलं वहीत."

"तांच बोललीवतीस."

सखूबाईने पिशवीतून आपली पेन्सिल आणि पट्टी काढली, दोन्ही टेबलावर नीट जुळवून ठेवल्या आणि निघून गेली. पुस्तक तिने नेलं नाही.

कीर्तीला इंग्रजी कुणी शिकवली नव्हती. द्रोणागिरीच्या एका गोदामात ती कारकून होती तेव्हा तिने एकदा मेल लिहिला, चोराने दोन खोके 'रॉब' केले म्हणून. मॅनेजरने तो ऑफिसच्या ग्रुपवर टाकला आणि दात काढणारी चित्रं आली तेवीस. तिने मोजली होती. त्या रात्रीपासून ती शब्दांच्या मागे लागली. सारखेच दिसणारे, सारखेच भासणारे आणि ऐन वेळी तोंडघशी पाडणारे दोन-दोन शब्द. तिने त्यांच्या जोड्या केल्या. नोकरी सोडून विचुंब्यात दिराच्या इमारतीखालचा गाळा घेतला आणि बायकांचा वर्ग काढला.

वर्गात पुस्तक नव्हतं. तिचा नियम एकच : वाक्य आपल्या घरचं पाहिजे. पुस्तकातला तो राम आणि ते सफरचंद तिला नको होतं. सफरचंद खाणारा राम कुणाच्या जिवाला लागत नाही, म्हणून ते वाक्य संध्याकाळपर्यंत विसरतं. ज्या वाक्यावर आपली सही आहे ते विसरत नाही. म्हणून प्रत्येकीने दोन्ही क्रियापदं घेऊन आपल्या घरातलं एक खरं वाक्य करायचं. ते लाल कापडी पुठ्ठ्याच्या वहीत स्वतःच्या हाताने लिहायचं. आणि घरातलं खरं बाहेर काढायचं तर त्याला झाकण हवं, म्हणून दुसरा नियम आपोआप आला : वहीतलं वहीत.

रॉब आणि स्टीलच्या दिवशी सखूबाई बराच वेळ पेन्सिल चावत बसली होती. मग म्हणाली, "मना एक सांग. माज्या भावानं बापाच्या जमिनीवरचा माजा हक्क सोडून घेतला. सगल्या गावासमोर. साडी नेसवली, वटी भरली, पाया पडला, मंग अंगठा घेतला. यानं चोरलं काय?"

"तुम्हाला काय वाटतं?"

"चोरलं नाय काय. मीच दिला ना अंगठा. नाय दिला असता तं म्हायेर तुटला असता." तिने पेन्सिल वहीवर टेकवली. "पन लुटला मना."

आणि तिने ते वाक्य लिहिलं, एकेक अक्षर गिरवत. कीर्तीने त्यात काहीही दुरुस्त केलं नाही. करायला काही नव्हतंच. हक्क गेला तेव्हा सखूबाई चौतीस वर्षांची होती आणि त्या बदल्यात तिने माहेर ठेवलं होतं : दर दिवाळीची साडी, दर लग्नातला पहिला धवळा. तोंडातून ब्र काढला नव्हता. काढला तो एकदाच, तोही परक्या भाषेत आणि झाकणाच्या वहीत.

त्याच संध्याकाळी प्रणित आला होता. आणि कीर्तीने, शिकवणाऱ्याला असते ती खाज न आवरून, त्याला ते पान उघडून दाखवलं होतं.

"बघ. असं वाक्य तुला कुठल्या पुस्तकात मिळणार नाही."

पुढच्या महिन्यात तो म्हणाला, ताई, वही भिजली-बिजली तर काय कराल, द्या, टाइप करून ठेवतो. तिने दिली. तीन आठवड्यांनी त्याने परत आणली, वर पेढे.

सखूबाई गेल्यावर कीर्ती तडक करंजाड्याला गेली. तिथे प्रणितच्या क्लासला काचेचं दार होतं आणि आत एसी. भिंतीवर तोच तो, टायमधला. कीर्तीला पाहून तो उठला आणि सवयीने पायाशी वाकला.

"ताई! मी येणारच होतो तुमच्याकडे. सरप्राइज द्यायचं होतं."

"मिळालं."

तिने पुस्तक टेबलावर ठेवलं, त्रेचाळीस नंबरचं पान उघडून. त्याने पान पाहिलं, तिच्याकडे पाहिलं आणि बेल दाबून चहा सांगितला.

"ताई, नाव कुठे टाकलंय मी? नाव नाहीये."

"नावाची गरज ठेवलीस का तू?"

"पब्लिशर म्हणाला, रिअल लोकांची वाक्यं आहेत हे दिसू दे. तेच तर युनिक आहे आपल्या मेथडचं."

"आपल्या?"

तो हसला. लहानपणी गृहपाठ राहिला की हसायचा तसाच. "ताई, तुम्ही छापणार होता का कधी? बारा वर्षं वही कपाटात. क्रियापदं काय तुमची नाहीत. ती डिक्शनरीत आहेत. आणि वाक्यं म्हणाल तर ती बायकांची. म्हणजे तुमचं त्यात..." पुढचं त्याने हाताने सांगितलं. हात रिकामा होता.

कीर्तीला सगळ्यात जास्त टोचलं ते हेच, की त्याचं बोलणं सगळंच खोटं नव्हतं.

"सखूबाईंचं माहेर तुटलं," ती म्हणाली.

"जमीन तर आधीच गेली होती ना?"

"नाय रे! जमिनीचं नाय बोलत मी!" तिच्या तोंडून घरची बोली निसटली. काचेपलीकडची दोन पोरं वळून बघायला लागली. द्रोणागिरीच्या गोदामात तिने ही बोली घासूनपुसून काढली होती, आणि आज ती जिथली तिथे होती.

"ताई, हळू. पॅरेंट्स बसलेत बाहेर."

तिने पुस्तक ओढून घेतलं. ती पानं उलटू लागली. लेंड आणि बॉरो. ते विचुंब्याच्या नाक्यावर भाजी विकणाऱ्या बाईचं. टेल आणि से. ते हेतलचं, जिच्या नवऱ्याला तिने वर्ग लावलाय हेच ठाऊक नव्हतं. सगळ्या होत्या. अकराच्या अकरा बायका त्या गुळगुळीत कागदावर उघड्या बसल्या होत्या. छापील अक्षराला लाज नसते. तिने पहिलं पान उघडलं.

'अर्पण : कधीही आवाज न चढवणारे माझे आदर्श, माझे वडील कै. काळूराम यांस.'

कीर्तीने ते दोनदा वाचलं. मग अनुक्रमणिका काढली आणि बोट वरून खाली नेलं. पुन्हा नेलं.

"प्रणित, वहीत एकशे एक जोड्या होत्या."

त्याने चहाचा कप उचलला.

"हिट आणि बीट कुठंय?"

कप तसाच राहिला. ती जोडी शिकवली तेव्हा तो नववीतला पोर होता, बायकांच्या वर्गातला एकटा मुलगा. फी घ्यायची नाही असं तिने ठरवलेला, मागच्या खुर्चीवर बसणारा. हिट म्हणजे एकदा मारणं, बीट म्हणजे मारत राहणं, असं तिने सांगितलं आणि त्याने सगळ्यांत आधी वही मागून घेतली. 'माय फादर हिट मी वन्स. ही बीट्स माय मदर.' त्या दिवशी तिने वर्ग लवकर सोडला होता. वहीवर झाकण घालायची गरज तिला पहिल्यांदा कळली ती त्याच दिवशी. ज्याच्यासाठी झाकण केलं त्यानेच ते उचकटलं होतं. आणि उचकटण्याआधी स्वतःचं तेवढं बाजूला काढून घेतलं होतं. म्हणजे ही वाक्यं काय आहेत, छापली की कुणाचं काय होईल, हे त्याच्याइतकं कुणालाच कळलेलं नव्हतं.

"वही..." तो म्हणाला. आवाज आता टायमधला नव्हता. "वही तुमच्याकडेच आहे ना, ताई?"

"आहे."

ती उठली. तो दारापर्यंत आला, काहीतरी बोलत. तिने ऐकलं नाही. रिक्षात बसल्यावर तिच्या ध्यानात आलं की आपण हसतोय, आणि ते हसू काही चांगलं नव्हतं.

घरी आल्याबरोबर तिने चपला न काढता कपाट उघडलं. लाल वही. तिला पानं पाठ होती. एवढी घाई होती की अंगठा ओला करून भराभर उलटत गेली. तिला फक्त ते एक पान हवं होतं. फोटो काढायचा, आणि जिथे त्याचा टायमधला फोटो फिरतोय त्या प्रत्येक ग्रुपवर, त्याच्या अर्पणपत्रिकेच्या शेजारी, टाकून द्यायचा. बस. एका वाक्याला एक वाक्य.

पान नव्हतं.

शिवणीजवळ बोटभर रुंदीची कागदाची पट्टी उरली होती. फाडलेलं नव्हतं. फूटपट्टी लावून, ब्लेडने, सरळ कापलेलं. पट्टीवर प्रत्येक ओळीचं पहिलं अक्षर तेवढं शिल्लक होतं.

कीर्ती जमिनीवर बसली. आधी संताप आला, हातातलं हत्यार कुणी पळवल्यासारखा. मग ती त्या पट्टीवर बोट फिरवत राहिली, आणि तिला दिसलं की आपण ज्याला हत्यार म्हणतोय ती प्रणितची आई होती, गुणाबाई. ग्रुपवर प्रणित उघडा पडला नसता. पडली असती ती, काळूरामच्या माघारी आत्ता कुठे पाठ सरळ करून बसायला लागलेली बाई. पान असतं तर आतापर्यंत आपण फोटो टाकलाही असता. ते पान नव्हतं म्हणून आपण वाचलो, आणि वाचवलं कुणी, तर त्याने. या विचाराने तिला शिसारी आली. त्याची की स्वतःची, ते तिने वेगळं करून पाहिलं नाही.

शुक्रवारी मांडवाच्या दिवशी ती वही घेऊन सखूबाईच्या घरी गेली. सखूबाई ओटीवर लसूण सोलत बसली होती. हिरवं नऊवारी नेसलेली. कुठे जायचं नव्हतं, तरी नेसलेली.

"तुमचं पान तुम्ही काढून घ्या," कीर्तीने वही पुढे ठेवली. "बाकीच्यांचीही देणार आहे एकेकीला."

"फाडून काय व्हतं? छापलेलं फाटतं काय?"

"नाही."

"मंग ठेव. अक्षर चांगलं आलंय माजं त्यात." सखूबाईने एक पाकळी सोलली, दुसरी घेतली. कीर्तीकडे बघितलं नाही. "त्याला पान दाखवलं कोनी, मास्तरीन?"

हा प्रश्न येणार हे कीर्तीला चार दिवस ठाऊक होतं.

"मीच."

सखूबाईने मान हलवली. लसणाची सालं फुंकून बाजूला केली. तेवढंच.

बाहेर गाडी थांबली. पांढरी, मोठी, बळीरामशेटची. मागच्या दाराने गुणाबाई उतरली. केसांत अबोलीचा गजरा, हातात सुपारीचं ताट. जीवन गाडीतच बसला आणि त्याने इंजिनही बंद केलं नाही.

"पाच मिन्टं," गुणाबाई त्याला म्हणाली आणि ओटीवर चढली. "सखू, ऊठ. मी एकटी कशी बोलू धवळा? तू उचलनार, मी झेलनार. चाळीस वर्सं तसाच झालाय."

"मना बोलावनं नाय."

"मी आलीय ना." मग तिला कीर्ती दिसली. "बरं झालं गं बाय, तू पन हिथंच हाईस. तुज्याकडंच येनार व्हते मी."

तिने कमरेची चंची सोडली. पानसुपारीच्या मागून एक घडी घातलेला कागद काढला आणि गुडघ्यावर सपाट केला. वहीचं पान. डावी कड ब्लेडने कापलेली, सरळ.

"मालकांचा नवा फोटो आनलाय प्रणितनं, येवडा मोठा. काल पुसायला खाली काढला तं मागल्या पुठ्ठ्यात ह्या सापडला. अक्षर माज्या पोराचं हाय, ल्हानपनचं. वळखलं मी. पन इंग्लिश." तिने पान कीर्तीच्या हातात दिलं. "काय लिवलंय ते वाचून सांग."

निळी शाई थोडी फिकी झाली होती. अक्षर तेच, उजवीकडे कललेलं. दोन वाक्यं. कीर्तीने चार दिवसांपूर्वी ज्यासाठी कपाट उपसलं होतं ते आता आपणहून तिच्या हातात आलं होतं, आणि ज्या बाईचं होतं ती समोर बसून मागत होती. फक्त वाचायचं होतं. खोटं काहीच सांगायचं नव्हतं.

बाहेर हॉर्न वाजला.

"शाई गेलीय," कीर्ती म्हणाली. "अक्षर लागत नाही, गुणाबाई."

बारा वर्षांत असं वाक्य तिच्या तोंडून कुणी ऐकलं नव्हतं. सखूबाईने लसूण खाली ठेवला, हात पदराला पुसला आणि पान मागून घेतलं. तिने ते डोळ्यांपासून लांब धरलं. ओठ हलत होते. एकेक अक्षर जुळवत ती पहिल्या ओळीवरून दुसऱ्या ओळीवर गेली, आणि दुसऱ्या ओळीच्या शेवटी थांबली. मग तिने गुणाबाईकडे नाही, कीर्तीकडे पाहिलं. कीर्ती आल्यापासून पहिल्यांदाच.

"मना बी नाय लागत," ती म्हणाली.

गुणाबाईने दोघींकडे आळीपाळीने पाहिलं. एक इंग्रजीची मास्तरीण, दुसरी तिची सगळ्यात हुशार बाई. तिने पान परत घेतलं आणि कापलेल्या कडेवरून अंगठा फिरवला.

"येवडा सरळ कापून, बापाच्या फोटोमागं ठेवलेला," ती हळूच म्हणाली, "तो काय कोनाला लागू नये म्हनून नाय. तसा असता तं फाडूनच टाकला असता."

हॉर्न पुन्हा वाजला, या वेळी लांब. गुणाबाई उठली, ओटीच्या कडेला गेली.

"जीवन, जा बाबा. बोल बापाला, जोडी हाय आमची. दोगींना न्यायला ये, नायतं लाउडस्पीकर लाव."

गाडी थोडा वेळ तशीच उभी राहिली. मग वळली.

गुणाबाई परत येऊन सखूबाईच्या शेजारी बसली. पानाची घडी तिने जुन्या घडीवरच घातली, चंचीत ठेवली आणि दोरी आवळली. सखूबाईने सोललेला लसूण तिच्या पुढ्यात सरकवला. मग न सोललेलाही.

"वर्ग किती वाजता असतो तुजा?" गुणाबाईने विचारलं.

"तीनला," कीर्ती म्हणाली.

"सोमवारपासून येते मी."